चंद्रातील स्त्री : एका अवकाशकथेची नायिका आणि तिची लेखिका

१

चंद्रावरील डागांत निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या आकृती पाहिल्या आहेत. संस्कृत कवींना तेथे ससा दिसला, हरिण दिसले, म्हणून चंद्र शशांक झाला आणि मृगांकही झाला. बंगालच्या घराघरांत मुलांना चरख्यावर सूत काढीत बसलेली म्हातारी दाखविली जाते. मराठी मुलांचा तर तो मामाच. युरोपातील लोककथांनी मात्र तेथे एक पुरुष नेऊन बसविला. सुटीच्या पवित्र दिवशी लाकडे गोळा केली म्हणून मोळीसह चंद्रात हद्दपार झालेला तो माणूस होय. जर्मन भाषेत चंद्र हा शब्द मराठीप्रमाणेच पुल्लिंगी आहे, आणि त्यातील रहिवासीही पुरुषच आहे. या पार्श्वभूमीवर १९२८ साली बर्लिनमध्ये ‘फ्राउ इम मोंड’, म्हणजे ‘चंद्रातील स्त्री’, या नावाची कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या नावातच एक खोडकर उलटापालट होती हे जर्मन वाचकाच्या ताबडतोब ध्यानात आले असेल.

ही कादंबरी थेआ फॉन हार्बू या लेखिकेची. तिच्यावरून तिनेच पटकथा रचली आणि तिचे पती फ्रिट्झ लांग यांनी मूकपट काढला. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनच्या ‘उफा-पालास्ट आम झू’ या भव्य चित्रगृहात तो प्रथम दाखविण्यात आला. चित्रपटाच्या इतिहासात या कृतीचे नाव येते ते बहुधा अग्निबाणाच्या निमित्ताने. रॉकेटविद्येच्या इतिहासातही तिचा उल्लेख होतो, तो उलट्या गणतीच्या निमित्ताने. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र तिचा विचार क्वचितच होतो. जिच्या नावाने कथा ओळखली जाते ती स्त्री कोण, ती चंद्रावर कशासाठी गेली आणि तेथे का राहिली, हे प्रश्न समीक्षेने फारसे विचारलेले नाहीत. प्रस्तुत लेखात तेच विचारावयाचे आहेत. त्यांच्या उत्तरांत अवकाशकथा या वाङ्मयप्रकाराच्या स्वभावावर प्रकाश पडतो, एवढेच नव्हे तर कृतीचे श्रेय आणि कर्त्याचा दोष यांचा हिशेब इतिहासाने कसा मांडावा हा अवघड प्रश्नही त्यांतूनच उभा राहतो. आणखी एक कारण आहे. या कथेचा एक धागा, फार थोड्यांना ठाऊक असलेला, बेळगावजवळच्या एका खेड्यापर्यंत येऊन पोचतो.

२

चंद्रप्रवासाच्या कथांत स्त्रीचे स्थान काय होते हे प्रथम पाहू. योहानेस केप्लर या ज्योतिर्विदाचे ‘सोम्नियम’ हे स्वप्नकथन त्याच्या मृत्यूनंतर १६३४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील निवेदकाची आई जडीबुटी जाणणारी आहे, आणि तिच्याच द्वारा चंद्रलोकीच्या पिशाचाशी संवाद घडतो. एवढेच नव्हे, तर रात्रीच्या अद्भुत स्वारीची सवय असलेल्या वाळक्या म्हाताऱ्या या प्रवासाला सर्वांत योग्य, असे केप्लर मिस्कीलपणे सुचवितो. या विनोदाचे मोल त्याला जबर द्यावे लागले असे दिसते. त्याच्या खऱ्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला, आणि ती १६२१ साली सुटेपर्यंत त्याला तिचा बचाव करीत राहावे लागले. चंद्राची वाट स्त्रीला ठाऊक आहे, पण ती ठाऊक असणे हा तिचा अपराध आहे, अशी ही सुरुवात होती.

विज्ञानाने चेटकाची जागा घेतली तेव्हा स्त्री प्रवासातून गळालीच. ज्यूल व्हर्न यांच्या १८६५ आणि १८७० च्या दोन प्रसिद्ध चंद्रकथांत तोफेच्या गोळ्यातून तीन पुरुष जातात. त्यांच्यासोबतच्या स्त्रीजातीत मोडणाऱ्या प्रवाशांची गणती करावयाची झाल्यास एक कुत्री आणि काही कोंबड्या एवढीच ती भरेल. या चंद्रप्रवासाचे मराठी रूप १९०० च्या सुमारास ‘केरळकोकिळ’ मासिकातून वाचकांपुढे आले, आणि मराठीतील विज्ञानकथेचा आरंभ पुष्कळदा तेथूनच सांगितला जातो. म्हणजे आपल्याकडेही ही वाट प्रथम उघडली ती पुरुषांच्या पावलांनी. एच. जी. वेल्स यांच्या १९०१ मधील चंद्रकथेचे प्रवासीही दोन पुरुषच आहेत.

त्याच वर्षी जॉर्ज ग्रिफिथ या इंग्रज लेखकाची ‘अ हनिमून इन स्पेस’ ही कादंबरी निघाली. तीत स्त्री यानात बसते, परंतु वधू म्हणून. ग्रहमाला ही तिच्या पतीने तिला दाखविलेली एक रम्य स्थळमालिका ठरते. पुढे कथाकारांनी दुसरी युक्ती काढली. स्त्री प्रवासात नाही, पण प्रवासाच्या टोकाशी ती वाट पाहत आहे. १९१८ च्या ‘हिमेलस्किबेट’ या डॅनिश मूकपटात मंगळावर शांतताप्रिय, शुभ्रवस्त्रधारी लोक राहतात आणि त्यांच्यातील एक कन्या पृथ्वीवरील वीराला लाभते. अलेक्सेइ तोल्स्तोय यांच्या ‘आएलिता’ या १९२३ च्या रशियन कादंबरीत मंगळाची राजकन्या आहे. या सर्व कथांत प्रेम आहे, अवकाश आहे, प्रसंगी स्त्रीचे तेजही आहे. परंतु त्यांत स्त्री एक तर मागे ठेवलेली आहे किंवा पुढे ठेवलेली आहे. ती निरोप आहे किंवा बक्षीस आहे. वाटेवर ती नाही.

आपल्या देशातील एका लेखनाची येथे आठवण होणे साहजिक आहे. रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत स्त्रिया सूर्याची उष्णता वापरतात आणि हवेतून वाहने चालवितात. चंद्राकडे ती कथा गेली नाही, तिची झेप जनान्याच्या भिंतीवरून होती. परंतु यंत्राची कळ स्त्रीच्या हाती देण्याचे धैर्य तिच्यात युरोपीय चंद्रकथांहून कितीतरी अधिक होते, हे नमूद केले पाहिजे.

३

थेआ फॉन हार्बू हिचा जन्म १८८८ साली बव्हेरियातील हॉफ शहराजवळ झाला. काही काळ नटी, मग कथा-कादंबरीकार आणि नंतर जर्मन मूकपटांच्या अग्रगण्य पटकथाकारांपैकी एक, असा तिचा क्रम आहे. तिची १९१८ ची ‘दास इंडिशे ग्राबमाल’, म्हणजे ‘भारतीय समाधी’, ही कादंबरी अतिशय लोकप्रिय ठरली. तीत एक भारतीय राजा आपल्या प्रियेसाठी समाधी बांधावयास युरोपीय वास्तुशिल्पज्ञाला बोलावतो. ती लिहिली तेव्हा लेखिकेने भारत पाहिलेला नव्हता. त्या कादंबरीतील हत्ती, योगी आणि महाल ही जर्मन कल्पनेतील पौर्वात्य सामग्री आहे, आणि भारतीय वाचकाला ती आज वाचताना हसू व संकोच एकदमच वाटतात. १९२१ साली त्या कथेचा मूकपट झाला. त्याच्या पटलेखनात तिच्यासह लांगही होते. १९२२ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. पुढील सुमारे दहा वर्षांतील लांग यांच्या जर्मन चित्रपटांचे लेखन तिने केले किंवा त्यात तिचा प्रमुख वाटा होता.

त्यांतील १९२७ चा ‘मेट्रोपोलिस’ जगप्रसिद्ध आहे. त्या कथेत एकाच चेहऱ्याच्या दोन स्त्रिया आहेत. एक श्रमिकांना धीर देणारी साध्वी मारिया, आणि दुसरी तिच्या रूपात घडविलेली, लोकांना विनाशाकडे नेणारी यंत्रस्त्री. देवी आणि दानवी यांच्यामध्ये साधी बाई कोठेच नाही. या दृष्टीने पाहिले म्हणजे अवघ्या दोन वर्षांनंतर आलेल्या फ्रीडे फेल्टनचे महत्त्व कळते. फ्रीडे साध्वी नाही, मायाविनीही नाही. ती ज्योतिषशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तिला काम आहे, मत आहे, आणि वाङ्निश्चय झालेला एक भावी पतीही आहे.

४

कथा थोडक्यात अशी. वृद्ध प्राध्यापक मानफेल्ट यांनी तीस वर्षांपूर्वी चंद्रावर सोने असल्याचा सिद्धांत मांडला होता. विद्वत्सभेने त्यांची टर उडविली, आणि ते दारिद्र्यात दिवस काढीत आहेत. तरुण यंत्रविशारद हेलिऊस त्यांच्यावर विश्वास ठेवून चंद्रयान बांधतो. त्याचा सहकारी विंडेगर आणि फ्रीडे यांचा विवाह ठरलेला आहे. हेलिऊसचे फ्रीडेवर प्रेम आहे, पण तो ते बोलून दाखवीत नाही. जगातील सोन्याचा व्यापार मुठीत ठेवणारे पाच धनाढ्य टर्नर नावाच्या धूर्त माणसाकरवी आराखडे चोरतात आणि त्याला यानात घेणे भाग पाडतात. अवकाशकथांच्या वेडाने भारलेला गुस्ताव नावाचा एक मुलगाही चोरून यानात शिरतो. चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूला यान उतरते. तेथे श्वसनयोग्य हवा आहे, सोनेही आहे. ते सापडल्याच्या उन्मादात मानफेल्ट दरीत कोसळतात. टर्नर यान बळकावू पाहतो. झटापटीत तो मरतो, पण सुटलेल्या गोळ्यांनी प्राणवायूच्या साठ्याची हानी होते. सर्वांना परत जाता येणार नाही, एकाने मागे राहावयास हवे, असा निष्ठुर हिशेब पुढे येतो.

या कथेतील शास्त्राची बाजू हेर्मान ओबेर्थ यांनी सांभाळली होती. ग्रहांच्या अवकाशात नेणाऱ्या अग्निबाणावरील त्यांचा प्रबंध विद्यापीठाने नाकारला होता, आणि तो त्यांनी १९२३ साली पुस्तकरूपाने काढला. मानफेल्टच्या अपमानाची कथा त्यांना परकी वाटली नसावी. टप्प्याटप्प्याने सुटणारा बाण, प्रचंड कोठारातून उभ्यानेच हळूहळू बाहेर सरकणारे यान, उड्डाणाच्या दाबाने बिछान्यावर चिरडले जाणारे प्रवासी, वजन नाहीसे झाल्यावर पाय अडकविण्यासाठी जमिनीवर लावलेले पट्टे, हे सारे पडद्यावर प्रथमच इतक्या काटेकोरपणे दाखविले गेले. उड्डाणापूर्वीची उलटी गणती हीही याच चित्रपटाने रूढ केली. बोलपटांचा जमाना सुरू झाला असताना लांग यांनी ध्वनी जोडण्यास नकार दिला होता, त्यामुळे ती गणती उतरत्या अंकांच्या अक्षरपाट्यांनी दाखविली गेली. चंद्रावर हवा असल्याची कल्पनादेखील अगदीच हवेतली नव्हती. एकोणिसाव्या शतकात पेटर आंद्रेआस हान्झेन या ज्योतिर्विदाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूस वातावरण असू शकेल असे मत मांडले होते. ते मत केव्हाच मागे पडले होते, परंतु कादंबरीला शिरस्त्राणाविना प्रेम करणारी पात्रे हवी होती, आणि विज्ञानाने टाकून दिलेल्या मताचा उपयोग वाङ्मयाने करून घेतला.

या सगळ्यात फ्रीडे कोठे आहे? यान निघणार हे कळल्यावर ती आपणही येणार असे सांगते. ती विचारीत नाही, सांगते. भावी पती तिचे रक्षण करील म्हणून ती जात नाही, तर प्रवास तिच्या विद्येचा आहे म्हणून जाते. यानात ती छायाचित्रणयंत्र चालविते, म्हणजे पाहिले जाण्याऐवजी पाहण्याचे काम तिच्याकडे आहे. चंद्रावर पोचल्यावर विंडेगरचा धीर सुटतो आणि तो परतीची घाई करू लागतो. फ्रीडेचा धीर सुटत नाही. प्रेमाचा कल बदलतो तो येथे, आणि त्याचे कारण सौंदर्य किंवा शौर्याचे प्रदर्शन हे नसून दोन पुरुषांच्या मनोबलाची तिने प्रत्यक्ष केलेली पारख हे आहे. प्रेमकथेला अवकाशाची आवश्यकता काय, या आक्षेपाचे उत्तरही येथेच मिळते. दिवाणखान्यात जी पारख व्हावयास वर्षे लागली असती ती यानाच्या कोंडीत काही दिवसांत होते. अवकाश हे येथे नेपथ्य नाही, कसोटीचा दगड आहे.

५

आता शेवटाकडे वळू, कारण या नायिकेविषयीचा सारा वाद शेवटातच साठलेला आहे. मागे कोण राहणार हे ठरविण्यासाठी हेलिऊस आणि विंडेगर चिठ्ठ्यांसारखा कौल लावतात. तो विंडेगरवर येतो. त्याची दशा पाहून हेलिऊस स्वतःच मागे राहावयाचे ठरवितो. पेयात गुंगीचे औषध घालून तो विंडेगर व फ्रीडे यांना निद्रिस्त करू पाहतो, गुस्तावला यान चालविण्याच्या सूचना देतो आणि एकटा चंद्रावर उतरतो. यान निघून जाते. एकाकीपणाने खचलेला हेलिऊस मागे वळतो, तो फ्रीडे समोर उभी. ती गेलेलीच नाही. दोघांच्या आलिंगनावर चित्रपट संपतो.

यावर सहज घेता येणारा आक्षेप असा, की इतक्या स्वतंत्र वृत्तीच्या स्त्रीला अखेर प्रियकरासाठी प्राण पणाला लावावयास लावले, म्हणजे जुन्या त्यागमूर्तीलाच नवा पोशाख चढविला. भारतीय वाचकाला तर रामामागे वनवासाला निघालेली सीता आणि यमाच्या मागे चालत गेलेली सावित्री यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. माझ्या मते हा आक्षेप अर्धाच खरा आहे.

प्रथम हिशेब पाहावा. हवा एका माणसाने कमी होती, आणि हेलिऊस उतरल्याबरोबर ती उणीव भरून निघाली होती. फ्रीडेच्या राहण्याने कोणाचेही प्राण वाचावयाचे नव्हते. त्याग म्हणजे गरजेसाठी दिलेले मोल. येथे गरज उरलेलीच नव्हती. म्हणून तिच्या कृतीला त्याग म्हणणे तर्काला धरून नाही, ती निवड आहे. दुसरे, कौल लावताना त्या दोघा पुरुषांनी फ्रीडेला गणतीत धरलेच नव्हते. स्त्रीला आणि मुलाला वगळावयाचे हे दाक्षिण्य त्यांनी न बोलता गृहीत धरले, आणि तिला गुंगी देऊन परत पाठविण्याचा बेत हा त्या दाक्षिण्याचा कळस होता. तिच्या जिवाविषयीचा निर्णय तिच्या झोपेत व्हावयाचा होता! फ्रीडे जागी राहते, उतरते, आणि पुरुषांनी परस्पर मांडलेला हिशेब मोडते. वाल्मीकींची सीता वनवासाला निघताना रामाशी वाद घालते, त्याच्या निर्णयाला प्रतिप्रश्न करते, हे आपण पुष्कळदा विसरतो. सावित्रीही यमाला युक्तिवादाने जिंकते. मागे जाणे आणि अनुसरणे यांत भेद आहे, तो त्या दोघींना जितका ठाऊक होता तितकाच फ्रीडेलाही ठाऊक आहे. तिसरी गोष्ट अशी, की चंद्र हा फ्रीडेच्या अभ्यासाचा विषय होता. प्रेम आणि विद्या यांपैकी एक निवड, असा पेच त्या काळच्या कादंबऱ्या सुशिक्षित नायिकेपुढे हटकून टाकीत. येथे दोन्हींचे ठिकाण एकच आहे.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र मान्य केला पाहिजे. शेवटच्या दृश्यात फ्रीडेची विद्या दिसत नाही, फक्त तिचे बाहू दिसतात. तिने काय ठरविले हे आपल्याला हेलिऊसच्या नजरेतून कळते. ती कशी ठरविते, यानातून उतरताना तिच्या मनात काय होते, हे क्षण कथेने गाळले आहेत. प्रेक्षकाला धक्का बसावा म्हणून नायिकेचे मन काही काळ झाकून ठेवले गेले. नाट्य साधले, पण ज्या निर्णयासाठी तिला निर्माण केले तोच निर्णय पडद्याआड घडला. इच्छाशक्तीची नायिका घडविणारी लेखिका त्या इच्छेच्या परमोच्च क्षणी तिला बोलू देत नाही, ही या कृतीची खरी उणीव होय.

६

लेखिकेकडे वळले म्हणजे प्रश्न अधिक बिकट होतो. लांग-हार्बू यांच्या संयुक्त कृतींविषयी समीक्षेत एक सोयीची वाटणी रूढ झाली आहे. दृश्यांची भव्यता लांग यांची, कथेचा भाबडेपणा हार्बूचा. ‘मेट्रोपोलिस’वर लिहिताना १९२७ सालीच लुई बुन्युएल यांनी त्यात दोन भिन्न चित्रपट चिकटविलेले आहेत असे म्हटले, आणि सदोष भागाचा ठपका लेखिकेवर ठेवला. पुढे हा प्रघातच पडला. त्याला बळ देणारी आणखी एक घटना घडली. १९३३ साली दोघांचा घटस्फोट झाला. लांग यांनी जर्मनी सोडली. हार्बू तेथेच राहिली, नात्सी पक्षाची सभासद झाली आणि त्या राजवटीच्या चित्रपटव्यवसायात लिहीत राहिली. देशत्याग करणाऱ्याची बाजू आणि राजवटीशी जुळवून घेणारीची बाजू यांत नीतीच्या दृष्टीने तुलनाच होऊ शकत नाही, आणि येथे ती करण्याचा हेतूही नाही. परंतु १९३३ नंतरच्या आचरणाचा दोष १९२८ च्या कल्पनेतून वजा करावयाचा, आणि वजा केल्यावर उरलेले श्रेय दुसऱ्याच्या खात्यात जमा करावयाचे, ही इतिहासाची रीत नव्हे. दोष तिचा आहे, म्हणून फ्रीडेही तिचीच आहे.

आणि याच ठिकाणी आपल्याकडचा धागा येतो. बेळगावजवळील बेळगुंदी गावचे आयी गणपत तेंडुलकर हे तरुण शिक्षणासाठी युरोपात गेले आणि बर्लिनमध्ये पत्रकारिता करू लागले. वयाने त्यांच्याहून बरीच मोठी असलेली हार्बू आणि ते यांचा परिचय झाला आणि पुढे विवाहही झाला. वंशशुद्धीची पूजा करणाऱ्या राजवटीत असा विवाह उघडपणे मिरविता येण्याजोगा नव्हता, म्हणून तो गुप्त ठेवावा लागला. बर्लिनमधील भारतीय विद्यार्थ्यांना तिने साहाय्य केले. दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी तेंडुलकर भारतात परतले. येथे त्यांना इंग्रज सरकारचा तुरुंगवास घडला, आणि १९४५ साली सेवाग्राम येथे गांधीजींच्या आशीर्वादाने त्यांचा इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह झाला. त्यांच्या कन्येने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ही सर्व हकीगत आलेली आहे.

भारतीय पतीशी गुप्त संसार आणि वंशद्वेष्ट्या पक्षाचे सभासदत्व ही दोन्ही एकाच व्यक्तीच्या आयुष्यात नांदली. पहिल्याने दुसऱ्याचे परिमार्जन होत नाही. अन्यायी व्यवस्थेत आपल्यापुरता एक कोपरा सांभाळून त्या व्यवस्थेला हातभार लावणारी माणसे सर्व देशांत असतात. परंतु १९१८ साली न पाहिलेल्या भारताची स्वप्नचित्रे रंगविणारी ही लेखिका पुढे एका खऱ्याखुऱ्या मराठी माणसाच्या सहवासात राहिली, आणि तिच्या कल्पनेतील महाराजाची जागा बेळगुंदीच्या पत्रकाराने घेतली, ही गोष्ट चरित्रकाराने विसरून चालणार नाही. लांग यांनी मात्र १९५९ साली तिच्या त्याच जुन्या कादंबरीवर दोन भागांचा चित्रपट काढला, तेव्हा हत्ती, योगी आणि महाल जसेच्या तसे परत आले.

७

फ्रीडे या नावाचा जर्मन अर्थ शांती. कथेत हेलिऊस आपल्या यानाला हेच नाव देतो. म्हणजे चंद्राकडे झेपावणाऱ्या त्या अग्निबाणाच्या अंगावर शांती हा शब्द होता. पुढे काय घडले ते इतिहासाला ठाऊक आहे. ओबेर्थ यांच्याभोवती जमलेल्या, अवकाशप्रवासाने वेडावलेल्या तरुणांत वेर्नहेर फॉन ब्राउन होते. लवकरच सैन्याने त्यांना आपल्याकडे ओढले. नात्सी राजवटीत हा चित्रपट बंद करण्यात आला, कारण त्यातील यान हे गुप्तपणे घडविल्या जाणाऱ्या अस्त्राशी फार मिळतेजुळते होते. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून त्या अस्त्राचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. त्या बाणाच्या तळाशी रंगविलेले चित्र होते चंद्रकोरीवर बसलेल्या स्त्रीचे. पुढे व्ही-दोन या नावाने ते अस्त्र १९४४ च्या सप्टेंबरपासून लंडनसारख्या शहरांवर कोसळू लागले. ते बनविणाऱ्या छळछावणीतील जितके कैदी मेले तितकी माणसे त्याच्या माऱ्यानेही मेली नाहीत, असा इतिहासकारांचा हिशेब आहे.

कथेतील फ्रीडे ही झोपेत परत पाठविले जाणे नाकारणारी स्त्री होती. बाणावर रंगविलेली स्त्री मात्र नुसते शोभाचित्र झाली. तिला कोणी काही विचारले नाही, आणि तिच्या नावाचा अर्थ कोणाला आठवला नाही. अवकाशकथेतील नायिकेचा तिच्या इच्छेसह स्वीकार न करता केवळ तिच्या आकृतीचा वापर केला, तर स्वप्नाचे काय होते याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. लेखिकेच्या आयुष्याचा अर्थही त्या चित्रात दिसतो. तिनेही आपल्या नायिकेचे नाव घडविले, आणि ते ज्यांच्या हाती गेले त्यांच्यापुढे ती गप्प राहिली.

युद्धानंतर हार्बूला काही काळ स्थानबद्ध करण्यात आले. पुढे तिने उद्ध्वस्त बर्लिनमध्ये विटामातीचे ढिगारे उपसण्याचेही काम केले. १९५४ च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या चित्रपटमहोत्सवात लांग यांच्याबरोबर केलेल्या एका जुन्या मूकपटाचा खेळ झाला. त्या प्रसंगी ती उपस्थित होती. चित्रगृहातून बाहेर पडताना ती पडली, आणि त्या दुखापतीतून १ जुलै रोजी तिचा अंत झाला. चंद्राची पलीकडची बाजू माणसाने छायाचित्रात पाहिली ती त्यानंतर पाच वर्षांनी, १९५९ च्या ऑक्टोबरात. तेथे हवा नव्हती, सोन्याच्या गुहाही नव्हत्या. १९६३ साली व्हालेंतिना तेरेश्कोवा अवकाशात गेली, एकटी, कोणाची वधू म्हणून नव्हे. १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसे चंद्रावर चालली. ते बाराही पुरुष होते.

म्हणजे चंद्रातील स्त्री ही अजून कथेतीलच स्त्री राहिली आहे. तिला कथेत प्रथम यानात बसविले आणि तेथे तिच्या इच्छेने राहू दिले, याचे श्रेय एका अशा लेखिकेकडे जाते जिच्याविषयी निर्भेळ आदर बाळगणे शक्य नाही. इतिहासकाराची सोय अशा वेळी एक तर कर्ती विसरण्यात असते, नाही तर कृती विसरण्यात. दोन्ही सोयी नाकाराव्यात असे मला वाटते. फ्रीडे फेल्टन जागी राहिली, म्हणून ती स्मरणात राहिली. तिची लेखिका ऐन काळरात्री डोळे मिटून बसली, म्हणून तीही विसरता येत नाही. या दोन स्मृती शेजारी शेजारी ठेवूनच ही कथा वाचली पाहिजे.